शून्याचे सत्तावीस टक्के
महाराष्ट्रातल्या लांबलेल्या महापालिका निवडणुका: एक प्रकरण अभ्यास

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. २२७ नगरसेवक एका रात्रीत माजी झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त इक्बालसिंह चहल हेच प्रशासकही झाले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मुदत संपल्यावर प्रशासक नेमण्याची तरतूद नव्हती, म्हणून ती आधीच दुरुस्ती करून घालून घेतली होती. तेव्हा कुणाला यात फार मोठं काही घडतंय असं वाटलं नाही. दोन-चार महिन्यांत निवडणूक लागेल, असंच सगळे धरून चालले होते. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला, म्हणजे तीन वर्षं दहा महिन्यांनी.

मुंबई एकटी नव्हती. पुणे आणि नागपूर महापालिकांची मुदत त्याच महिन्यात संपली. २५ जिल्हा परिषदा आणि २८४ पंचायत समित्याही त्याच मार्चमध्ये प्रशासकांकडे गेल्या. त्याआधी करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई, वसई-विरार, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवली या पालिकांची मुदत संपून गेली होती. २०२३ च्या डिसेंबरअखेर धुळे आणि अहमदनगरचीही मुदत संपली. तेव्हापासून राज्यातल्या एकाही महापालिकेत लोकांनी निवडून दिलेलं सभागृह नव्हतं.

याच काळात महाराष्ट्राने लोकसभेची निवडणूक पार पाडली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठीही मतदान केलं. शिक्षक, तलाठी, पोलीस, शाळांच्या खोल्या यातलं काहीच कमी पडलं नाही. त्यामुळे निवडणूक घ्यायला यंत्रणा नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. विकसनशील देशांतल्या लोकशाहीची प्रत मोजताना आपण वरच्या निवडणुका मोजतो आणि खालच्या विसरतो. हे प्रकरण म्हणूनच तपशिलात पाहायला हवं.

वाद कुठून सुरू झाला

राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्या १९९२ च्या, अमलात आल्या १९९३ मध्ये. शहरांबद्दलच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये पळवाटेला फारशी जागा नाही. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मध्येच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं: वेळेवर निवडणूक घेणं ही राज्य निवडणूक आयोगाची घटनात्मक जबाबदारी आहे.

दुसरा धागा ओबीसी आरक्षणाचा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत ओबीसींना १९९४ पासून २७ टक्के जागा राखीव होत्या. २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती प्रकरणात घटनापीठाने अशा आरक्षणासाठी तीन अटी घातल्या. पुढे त्यांना सगळे ‘ट्रिपल टेस्ट’ म्हणू लागले. स्वतंत्र आयोग नेमून राजकीय मागासलेपणाची पाहणी करा. त्या पाहणीनुसार प्रत्येक संस्थेतलं प्रमाण वेगळं ठरवा. आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. महाराष्ट्राने त्यानंतरची जवळजवळ अकरा वर्षं या निकालावर काहीच केलं नाही. या अकरा वर्षांत आघाडीचंही सरकार होतं आणि युतीचंही.

४ मार्च २०२१ ला विकास गवळी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट २७ टक्के चालणार नाहीत असं सांगितलं, तेव्हा सरकारची धावपळ सुरू झाली. इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केलेली आकडेवारी, हवा होता आणि तो हाताशी नव्हता. देशात पूर्ण जातगणना झाली ती १९३१ मध्ये. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली जातीची माहिती केंद्राने राज्याला दिली नाही. सदोष आहे, असं कारण न्यायालयात सांगितलं. राज्याने अध्यादेश काढला, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती मिळाली. पाठोपाठ न्यायालयाने आदेश दिला की ओबीसींसाठी ठेवलेल्या जागा खुल्या धरून निवडणुका पुढे न्या.

आणि तसं झालंही. १०६ नगरपंचायतींमध्ये त्या जागा खुल्या करून जानेवारी २०२२ मध्ये मतदान घेतलं गेलं. वाट उपलब्ध होती आणि राज्य त्या वाटेने एकदा चालून गेलं होतं, याचा हा पुरावा आहे. खुल्या झालेल्या जागेवर ओबीसी उमेदवार देण्यापासून कोणत्याही पक्षाला कायदा अडवत नव्हता. भाजपने तर २७ टक्के तिकिटं ओबीसींना देऊ असं जाहीरही केलं होतं.

पण डिसेंबर २०२१ च्या अखेरीस विधानसभेने एकमताने ठराव केला की ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणुका होऊ नयेत. मार्च २०२२ मध्ये, मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली त्याच आठवड्यात, प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारा कायदाही अस्तित्वात आला. ज्या विधिमंडळात त्या दिवसांत एकमेकांचं तोंड पाहायला लोक तयार नव्हते, तिथे या विषयावर मात्र सगळे एका बाजूला होते. मला या सबंध प्रकरणातली सर्वात महत्त्वाची नोंद ही वाटते.

तारखांवर तारखा

४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रभागरचनेवर दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करायला सांगितलं. तोवर माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांचा आयोग कामाला लागला होता. त्याचा अहवाल जुलैमध्ये आला. ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहून २७ टक्क्यांपर्यंत आरक्षण द्यावं, अशी शिफारस होती. मतदार यादीतल्या आडनावांवरून जात ठरवण्याच्या त्याच्या पद्धतीवर ओबीसी नेत्यांनीच टीका केली, आणि ती रास्त होती. आपल्याकडे एकच आडनाव चार जातींत सापडतं, हे गावातलं पोरही सांगेल. तरी २० जुलै २०२२ ला न्यायालयाने हा अहवाल धरून निवडणुका घ्यायला परवानगी दिली.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण जूनअखेर सरकार बदललं होतं. महाविकास आघाडीने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले होते. एकनाथ शिंदे सरकारने ऑगस्टमध्ये ते पुन्हा २२७ केले. त्यावर नव्या याचिका गेल्या आणि २२ ऑगस्ट २०२२ ला न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला. त्यानंतर पावणेतीन वर्षं सुनावणी पुढे ढकलली जात राहिली. मुंबईत आरक्षणाची सोडत तीनदा काढावी लागली: मे २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणाशिवाय, जुलैमध्ये ओबीसींसह, आणि थेट नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसऱ्यांदा.

६ मे २०२५ ला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या पीठाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरका, असा आदेश दिला. ओबीसी आरक्षण बांठिया आयोगाच्या आधी होतं तसं धरायचं. ती मुदतही पाळली गेली नाही. सप्टेंबरमध्ये ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून मिळाली.

थोडं थांबून याचा अर्थ पाहू. मुंबईत ओबीसींसाठी ६१ जागा असतात. १५ अनुसूचित जातींच्या, २ अनुसूचित जमातींच्या, आणि एकूण २२७ पैकी ११४ महिलांच्या. २७ टक्के वाचवायचे म्हणून निवडणूक थांबवली गेली आणि तीन वर्षं दहा महिने यातली एकही जागा अस्तित्वात नव्हती. शून्याचे सत्तावीस टक्के शून्यच होतात. ज्यांच्या प्रतिनिधित्वासाठी हा लढा चालला असं सांगितलं गेलं, त्यांचं जवळजवळ एका मुदतीचं प्रतिनिधित्व यातच गेलं. औरंगाबाद आणि नवी मुंबईत तर पाच वर्षांहून जास्त. तिथे आधीचं मतदान २२ एप्रिल २०१५ चं. त्यानंतर लगेच अठरा वर्षं पूर्ण केलेली मुलगी नगरसेवकासाठी पहिलं मत द्यायला गेली, तेव्हा ती अठ्ठावीस ओलांडून गेली होती.

नगरसेवक नसताना

नगरसेवकांबद्दल आपल्याकडे आदर कमीच. टक्केवारी, नातेवाइकांची कंत्राटं, चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक हे सगळं खरं आहे. स्थायी समितीत काय काय ठरत असे, त्याच्या कथा मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून प्रशासक आल्यावर ‘बरं झालं, फाइली तरी हलतील’ असं म्हणणारेही खूप भेटले. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. फाइली हलल्याही.

प्रश्न असा की हलताना त्या कुणाच्या नजरेखालून गेल्या? ठरावीक रकमेच्या वरचं कंत्राट स्थायी समितीपुढे येतं, त्यावर विरोधी पक्ष प्रश्न विचारतो, प्रस्ताव राखून ठेवला जातो, वर्तमानपत्रात येतो. या भांडणामुळेच शहराला कळतं की असं काही चाललंय. २०२३ च्या जानेवारीत मुंबईत सुमारे ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याची सुमारे ६,००० कोटींची कंत्राटं दिली गेली. समिती नसल्यामुळे तिथे चर्चा झाली नाही. आरोप आणि उत्तरं दोन्ही पत्रकार परिषदांतून झाली. त्याच वर्षी त्यातलं दक्षिण मुंबईतलं कंत्राट कामच सुरू न झाल्याने रद्द करावं लागलं.

अर्थसंकल्पाचंही तेच. २०२३-२४ चा मुंबईचा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटींचा होता, २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा. आयुक्तांनी तो स्थायी समितीच्या अध्यक्षांना सादर करायचा, मग समितीत आणि सभागृहात दिवसेंदिवस चर्चा व्हायची, ही रीत. या वर्षांत अधिकाऱ्यांनी तो प्रशासकांना, म्हणजे आयुक्तांनाच सादर केला. मांडणारे आणि मंजूर करणारे एकाच इमारतीतले, एकाच सेवेतले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला काही म्हणायचं नाही. पण चौऱ्याहत्तर हजार कोटींवर ‘माझ्या वॉर्डाचं काय’ असं उभं राहून विचारणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण ५५ हजार माणसं. मुंबईत आमदार ३६, म्हणजे एकामागे जवळजवळ साडेतीन लाख. नगरसेवक गेल्यावर त्याचं काम आमदाराकडे सरकलं. गटार तुंबलं, पाणी कमी दाबाने येतंय, दिवा लागत नाही, स्मशानात लाकडं नाहीत, अशा तक्रारी साडेतीन लाखांच्या प्रतिनिधीपर्यंत पोहोचत नाहीत, पोहोचल्या तरी रांगेत शेवटी राहतात. प्रभाग समितीची महिन्याची बैठक तेवढ्यासाठी असते. तिथे वॉर्ड अधिकाऱ्याला समोर बसून उत्तर द्यावं लागतं. ही बैठकच बंद होती. माजी नगरसेवकांपैकी पुष्कळांनी कार्यालयं चालू ठेवली, फोन घेतले, लोकांना घेऊन वॉर्डात गेले; पण अधिकाऱ्यावर त्यांचा हक्क उरला नव्हता, फक्त ओळख उरली होती.

पैशाचा मार्गही बदलला. फेब्रुवारी २०२३ पासून आमदार-खासदारांनी सुचवलेल्या कामांना पालकमंत्र्यांच्या संमतीने पालिकेचा निधी देण्याची पद्धत आली. ‘इंडियन एक्सप्रेस’ने माहिती अधिकारातून मिळवलेली कागदपत्रं जानेवारी २०२४ मध्ये छापली. २०२३ मध्ये निधी मिळालेले २१ आमदार, सगळे सत्तारूढ बाजूचे. विरोधी बाजूच्या ज्यांनी मागितला त्यांना काही मिळालं नव्हतं. जुलै २०२३ मध्ये उपनगरच्या पालकमंत्र्यांना पालिका मुख्यालयातच दालन मिळालं, त्यावरून गदारोळही झाला. प्रशासक नगरविकास खात्याला उत्तरदायी असतो. त्यामुळे सीएसएमटीसमोरच्या पालिका मुख्यालयात घ्यायचे निर्णय मंत्रालयाकडे बघून घेतले जाऊ लागले. ७४ वी दुरुस्ती नेमकी हेच थांबवण्यासाठी केली होती.

आणि बायकांचं काय झालं, हे कुणी फारसं बोललं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या. २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ मध्ये निवडून आलेल्या महिला जेमतेम वीस-बावीस. निर्णय पालिकेतून आमदारांकडे गेले, म्हणजे निम्म्या बायका असलेल्या सभागृहातून ते तेरा-चौदाला एक बाई असलेल्या सभागृहाकडे गेले. ओबीसींचं आरक्षण जावं म्हणून कुणी कायदा केला असता तर राज्य पेटलं असतं. महिलांचं ५० टक्के आरक्षण तीन वर्षं दहा महिने बंद होतं आणि त्यासाठी एक मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

ग्रामीण भागातला तोटा वेगळ्या जातीचा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी मिळायला संस्था रीतसर निवडून आलेली असावी लागते. ग्रामपंचायतींच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी होत राहिल्या, म्हणून त्यांचे पैसे चालू राहिले. पण प्रशासकांच्या हाती असलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या त्या पैशाला मुकल्या.

कुणालाच घाई का नव्हती

एक खलनायक शोधणाऱ्याला हे प्रकरण निराश करतं. न्यायालयाची अट तर्कशुद्ध होती. डेटा नसल्याची अडचण खरी होती. ओबीसींची भीतीही खरी होती, कारण एकदा गेलेलं आरक्षण परत मिळायला किती वर्षं लागतात हे त्यांना माहीत आहे. करोनाही खराच होता. प्रत्येकाकडे आपापल्यापुरतं पटण्यासारखं कारण होतं.

तरी माझं मत असं आहे की उशीर सगळ्या मोठ्या पक्षांना परवडत होता, आणि म्हणूनच तो इतका लांबला. शिवसेना फुटली, पाठोपाठ राष्ट्रवादी फुटली. कोणाचा गट किती उरलाय हे दाखवून देणारी वॉर्डातली निवडणूक तेव्हा कुणालाच नको होती. सत्तेत असलेल्याला प्रशासकामार्फत शहर हाताशी मिळत होतं. सत्तेबाहेर गेलेल्याला आपण सत्तेत असताना तेच केलं होतं हे लपवायचं होतं. आमदारांना नगरसेवक म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी. न्यायालयात तारीख पडली की सगळेच ‘विषय न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून मोकळे होत. आणि राज्य निवडणूक आयोग, ज्याच्याकडे घटनेने हे काम सोपवलं, त्याच्या हातून प्रभाग आखण्याचं कामच काढून घेतलं होतं.

हे फक्त महाराष्ट्रात घडतं असं नाही. चेन्नईत सभागृहाची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली, मतदान झालं फेब्रुवारी २०२२ मध्ये. बेंगळुरूच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि २०२५ संपेपर्यंत तिथे निवडणूक झालीच नव्हती. शेजारी नेपाळमध्ये १९९७ च्या स्थानिक निवडणुकांनंतर पुढच्या थेट २०१७ मध्ये झाल्या. मधल्या काळात सरकारी सचिव आणि पक्षांच्या सहमतीची यंत्रणा गावं चालवत होती. भ्रष्टाचाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ती यंत्रणा २०१२ मध्ये मोडीत काढावी लागली. तिथे युद्ध होतं, राजेशाही जात होती, राज्यघटना लिहायची होती. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं.

मतदानानंतर

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायती, १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिका. मुंबईत मतदान ५३ टक्क्यांच्या आसपास, २०१७ मध्ये ते ५५ च्या थोडं वर होतं. चार वर्षं थांबवलेले मतदार रांगा लावून तुटून पडतील, ही माझीही अपेक्षा होती. ती खोटी ठरली. काही महापालिकांत तर कित्येक उमेदवार बिनविरोध निवडून आले, म्हणजे त्या प्रभागांतल्या मतदारांना इतक्या वर्षांनीही त्या जागेसाठी बटण दाबायला मिळालं नाही. मुंबई सोडून बाकी महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक चार-चार नगरसेवकांचे. गटार तुंबल्यावर चौघांपैकी कुणाला धरायचं, हे तिथल्या माणसाला आजही सांगता येत नाही.

जिल्हा परिषदांचा गुंता तर सुटलाच नव्हता. ५० टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा न्यायालयात उभा राहिला. मर्यादा ओलांडणाऱ्या नगरपरिषदांचे निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवले गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये जिल्हा परिषदांचा जो कार्यक्रम जाहीर झाला, तो फक्त १२ जिल्ह्यांचा होता. बाकीच्या जिल्ह्यांनी पुन्हा वाट पाहायची.

हे टाळता येतं का? केरळकडे पाहा. तिथे स्थानिक निवडणुका १९९५ पासून दर पाच वर्षांनी होतात. २०२० मध्ये करोना ऐन भरात होता. संस्थांची मुदत नोव्हेंबरमध्ये संपली आणि डिसेंबरमध्ये तीन टप्प्यांत मतदान झालं. पुढची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये, वेळेवर. केरळात स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण नाही, त्यामुळे आपल्यासारखा तिढा तिथे पडला नाही, हे मान्य करायला हवं. पण आपल्याकडचा तिढा जुलै २०२२ मध्ये सुटला होता. त्यानंतरची साडेतीन वर्षं गेली ती २२७ की २३६ या वादात आणि त्यामागून आलेल्या तारखांत. केरळातही मधल्या काळात प्रभाग नव्याने आखले गेले. ते आखणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्त असतात. महाराष्ट्रात ते काम आजही सरकारकडे आहे आणि मार्च २०२२ चा तो कायदा मागे घेण्याची मागणी नव्या सभागृहांत निवडून आलेल्या एकाही मोठ्या पक्षाने लावून धरलेली नाही.